७८ फूट आणि एक कडी : 'ओव्हर द एज' १९९९चे प्रकरण

२३ मे १९९९, रविवारची रात्र. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कॅन्सस सिटीच्या केम्पर अरीनात डब्ल्यूडब्ल्यूएफ या व्यावसायिक कुस्तीच्या कंपनीचा 'ओव्हर द एज' हा पे-पर-व्ह्यू, म्हणजे घरी बघायला वेगळे पैसे भरावे लागणारा, कार्यक्रम चालू होता. दोन लढती झाल्या होत्या. तिसऱ्या लढतीसाठी ओवेन हार्ट हा ३४ वर्षांचा कॅनेडियन पैलवान छताला टांगलेल्या मचाणावरून दोराने खाली येणार होता. तो ७८ फुटांवरून थेट रिंगमध्ये कोसळला. ट्रूमन मेडिकल सेंटरमध्ये त्याला मृत घोषित केले गेले. कार्यक्रम काही मिनिटे थांबला, मग पुन्हा सुरू झाला आणि शेवटच्या लढतीपर्यंत पार पडला.

उंचीवर काम करणाऱ्या माणसांना सुरक्षेचे धडे देणे हे माझे काम आहे. परांचीवर चढणारे, कारखान्याच्या शेडचे पत्रे बसवणारे, मोबाइलचे टॉवर चढणारे असे लोक समोर असतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना लहानपणी खेळलेले डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते आठवतात, म्हणजे पैलवानाचा फोटो आणि खाली उंची, वजन, छाती, दंड. ओवेन हार्ट मात्र फारसा कुणाला आठवत नाही. तरी मी हे प्रकरण वर्षानुवर्षे मांडत आलो आहे, कारण यात दोर तुटून माणूस पडलेला नाही. कडी उघडली, आणि ती झटकन उघडावी म्हणूनच निवडली होती. त्या रात्री कोणी झोपा काढल्या नव्हत्या. सगळे आपापले काम करत होते. ते काम कशासाठी जुळवले होते, हे पाहायला हवे.

शेंडेफळ

कॅनडातल्या कॅल्गरी शहरात स्टू आणि हेलन हार्ट यांना बारा मुले झाली. ओवेन त्यांतला सर्वांत धाकटा. स्टू हार्ट स्वतः पैलवान आणि 'स्टॅम्पीड रेसलिंग' या प्रादेशिक कंपनीचा मालक. त्याच्या घराच्या तळघरात पैलवान घडत. तळघराला 'डंजन' म्हणत, म्हणजे अंधारकोठडी. आपल्याकडच्या भाषेत ती घरातली तालीमच. थोरला भाऊ ब्रेट हार्ट जगज्जेता झाला, आणि ओवेनच्या कारकिर्दीवर ती सावली कायम राहिली. कंपनीने त्या सावलीचीच गोष्ट केली. मार्च १९९४मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेसलमेनिया या कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमाच्या पहिल्याच लढतीत ओवेनने ब्रेटला हरवले. अंगावर शहारा आणणारी ती कुस्ती होती, आणि निकाल आधी ठरलेला असूनही होती.

आपल्याकडे ठरवून लढलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखा वापरतात. मला तो इथे शिवी म्हणून वापरवत नाही. निकाल ठरलेला असला तरी आपटणे खरे असते. मानेवर पडायचे की पाठीवर, हे इंचाच्या हिशेबाने सांभाळावे लागते, आणि समोरच्याचे शरीर आपल्या हातात असते. ओवेनला याची किंमत माहीत होती. ऑगस्ट १९९७च्या समरस्लॅम या कार्यक्रमात त्याने स्टीव ऑस्टिन या पैलवानाला उलटे धरून डोक्यावर आपटण्याचा डाव टाकला, डोके खाली राहिले आणि ऑस्टिनच्या मानेला गंभीर इजा झाली. ऑस्टिन हलू शकत नव्हता. ओवेन वेळ काढण्यासाठी प्रेक्षकांना खिजवत फिरत राहिला. शेवटी ऑस्टिनने कसेबसे सरपटत त्याला गुंडाळले आणि ठरलेला निकाल लागला. जबर जखमी माणसाने रिंगमध्ये पडल्या पडल्या लढत पूर्ण केली, आणि या धंद्यात ती शौर्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते. हे लक्षात ठेवायला हवे, कारण दोन वर्षांनी कॅन्सस सिटीत जे झाले त्याची सवय अशा रात्रींनी लावली होती.

नोव्हेंबर १९९७मध्ये मॉन्ट्रियलला मालक विन्स मॅकमहनने ब्रेटला न सांगता निकाल फिरवला आणि ब्रेट डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीकडे निघून गेला. मेहुणेही गेले. ओवेन करारात अडकल्यामुळे मागे राहिला. घरी पत्नी मार्था आणि दोन लहान मुले होती. पैसे साठवून लवकर या धंद्यातून बाहेर पडायचे, असे त्याच्या मनात होते, हे मार्थाने नंतर पुष्कळदा सांगितले आहे.

तोंडघशी पडण्याचा विनोद

१९९८च्या अखेरीस ओवेनला 'ब्लू ब्लेझर' हे त्याचे दहा वर्षांपूर्वीचे पात्र परत मिळाले. निळा मुखवटा, पिसांची झूल, सुपरहिरोचा आव. 'दूध प्या, प्रार्थना करा' असा उपदेश करणारा हा नायक शिवराळ आणि बेफाम झालेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये मुद्दाम हास्यास्पद ठरवलेला होता. छतावरून दिमाखात उतरायचे, रिंगपासून थोड्या उंचीवर अडकून लटपटायचे, मग पट्टा सोडवून तोंडघशी पडायचे. लोक हसतील, लढत सुरू होईल.

छतावरून उतरणे नवीन नव्हते. १९९६च्या रेसलमेनियाला शॉन मायकल्स वरून तारेवर घसरत आला होता. १९९७मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूचा स्टिंग काळ्या कोटात छतावरून उतरायचा आणि लोक श्वास रोखून बघायचे. ब्लू ब्लेझरचे उतरणे ही एका अर्थी त्याचीच थट्टा होती. दोन्ही कंपन्या सोमवारी रात्री एकाच वेळी टीव्हीवर होत्या, दर आठवड्याला आकड्यांची झुंज चालू होती, आणि लढतीइतकाच भाव पैलवानाच्या एंट्रीला आला होता.

नोव्हेंबर १९९८मध्ये सेंट लुईसला ओवेन असाच एकदा उतरला होता. म्हणजे युक्ती 'आधी करून झालेली' होती. माझ्या क्षेत्रात मला सर्वांत जास्त धास्ती याच शब्दांची वाटते. आधी झाले म्हणून आताही होईल, असे म्हणताना मधल्या काळात काय बदलले हे कोणी विचारत नाही. इथे बदलली ती कडी.

कडी

दोर वर मचाणावर, माणूस पट्ट्यात, आणि दोघांना जोडणारी एक कडी. सारा भार तिच्यावर.

उंचीवर काम करणाऱ्याच्या पट्ट्याला जो हुक असतो, त्याचे तोंड आपोआप मिटते आणि उघडायला दोन वेगवेगळ्या हालचाली कराव्या लागतात. त्याशिवाय दोन दोऱ्या असतात. जागा बदलताना एक हुक काढला तरी दुसरा अडकलेला राहतो. कामगार या दुहेरी हुकाला कंटाळतात, कारण प्रत्येक पावलाला काढ-घाल करावी लागते. मी त्यांना सांगतो की तो कंटाळाच तुमचे रक्षण करतो.

रंगमंचावर तोच कंटाळा आड येतो. रिंगच्या वर लटकलेला पैलवान एक कुलूप काढतोय, मग दुसरे काढतोय, सेकंद चाललेत, प्रेक्षक बघताहेत, विनोद मरतोय. म्हणून कॅन्सस सिटीत झटक्यात सुटणारी कडी वापरली. ती मुळात शिडाच्या होड्यांसाठी बनवलेल्या जातीची होती. होडीवर वाऱ्याने भरलेले शीड क्षणात सोडून द्यावे लागते, नाहीतर होडी कलंडते. ओढ कितीही असो, एका झटक्यात सुटणे हा तिथे त्या कडीचा गुण. तीच कडी माणसाच्या पाठीशी लावली की तोच गुण जिवावर उठतो. मार्था आणि तिच्या वकिलांनी मांडले की ती उघडायला सहा पौंडांची, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपासची ओढ पुरत होती. जोडीला कुलूप नव्हते, दुसरा दोर नव्हता. आधीच्या उड्यांना ज्या कारागिरांनी दोर बांधले होते ते दुहेरी बंदोबस्ताचा आग्रह धरणारे होते, आणि झटपट सुटणारी कडी बसवायला तयार होईल असा माणूस या वेळी आणला गेला, असेही तिचे म्हणणे आहे.

कडी नेमकी कशाने उघडली हे पाहणारा कोणी नव्हता. सर्वांत जास्त मांडली गेलेली शक्यता अशी की मचाणाच्या कडेला लटकताना ओवेन पाठीवरची झूल नीट करत होता आणि सुटकेची दोरी ओढली गेली. मला ही शक्यता फार साधी आणि म्हणूनच फार भयंकर वाटते. कपडा सारखा करणे ही हालचाल माणूस दिवसातून पन्नास वेळा करतो.

हिशेब करून बघा. ७८ फूट म्हणजे पावणेचोवीस मीटर. पडायला सव्वादोन सेकंदांच्या आत-बाहेर वेळ लागतो आणि खाली पोचताना वेग ताशी ७५ किलोमीटरच्या पुढे जातो. रिंगची फळी थोडी लवते, पैलवानांसाठीच ती तशी केलेली असते; पण या वेगापुढे तिचा काही उपयोग नाही. आणि ओवेन फळीवर नीट पडलाही नाही. कोपऱ्यापासून फूटभर अंतरावर वरच्या दोरावर त्याची छाती आदळली आणि तो आत फेकला गेला. छातीत झालेला रक्तस्राव मृत्यूचे कारण ठरला.

आता त्या इमारतीविषयी. केम्पर अरीना १९७४मध्ये बांधले गेले, आणि आतून एकही खांब नसलेल्या त्याच्या छताचे कौतुक झाले. ते छत बाहेरच्या लोखंडी सांगाड्यांना खालून टांगलेले होते. ४ जून १९७९ रोजी जोराच्या पावसात छताचा मोठा भाग कोसळला. सभागृह रिकामे होते म्हणून जीवितहानी टळली. छत पेलणाऱ्या टांगण्यांचे बोल्ट वाऱ्याच्या हेलकाव्यांनी वर्षानुवर्षे थकत गेले होते. एक टांगणे सुटल्यावर त्याचा भार घ्यायला दुसरे समर्थ नव्हते, आणि एकामागून एक सुटत गेली. स्थापत्य अभियांत्रिकीत ते प्रकरण आजही शिकवतात. नंतर छत दुरुस्त झाले, पक्के झाले. वीस वर्षांनी त्याच छताखाली एक माणूस एकाच कडीवर लटकला. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळते. तरी हे दोन्ही एका वर्गात शिकवताना माझा आवाज जड होतो.

खरे आहे, हे कसे सांगायचे?

ओवेन पडला तेव्हा सभागृहात अंधार केलेला होता आणि पडद्यावर ब्लू ब्लेझरची आधी चित्रित केलेली फीत चालू होती. घरी टीव्हीवरही तीच. त्यामुळे पडणे प्रक्षेपित झाले नाही. रिंगमध्ये रेफरी जिमी कॉर्डेरास उभा होता. वरून ओरडणे ऐकू आले, असे त्याने पुढे सांगितले आहे. तो थोडक्यात वाचला. सभागृहातल्या कित्येकांना आधी वाटले की वरून बाहुला टाकला. वाटणारच. ब्लू ब्लेझरने पडावे आणि आपण हसावे, हेच तर त्यांना महिनोन्‌महिने शिकवले होते.

फीत संपली आणि प्रक्षेपण परत आले तेव्हा समालोचक जिम रॉससमोर एक विचित्र अडचण होती. त्याचे कामच मुळी खोट्याला खरे म्हणणे. प्रत्येक आपटीला हा माणूस 'मोडला बिचारा!' म्हणून टाहो फोडायचा. आता त्याला सांगायचे होते की हे खरे आहे. तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला की हा करमणुकीचा भाग नाही, हे शंभर टक्के खरे आहे. कॅमेरा रिंगकडे वळवला नाही, प्रेक्षकांवर आणि रॉसवर ठेवला. तो निर्णय योग्य होता आणि ज्याने घेतला त्याला श्रेय द्यायला हवे. सहसमालोचक जेरी लॉलर धावत रिंगमध्ये गेला होता. तो परतला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरच उत्तर होते. त्याने थोडक्यात सांगितले की लक्षण बरे दिसत नाही.

त्या मिनिटांचे ध्वनिमुद्रण मी अनेकदा ऐकले आहे. रॉसच्या आवाजात कसलाही चढ नाही. आयुष्यभर चढवलेला आवाज त्याने त्या रात्री खाली ठेवला, आणि त्यामुळेच घरबसल्या लोकांना कळले की आज काहीतरी वेगळे आहे.

आज या धंद्यात रेफरी दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरतो. त्याचा अर्थ 'इजा खरी आहे, माणसे पाठवा'. अशी खूण लागते यातच सगळे आले. मार्च २०१५मध्ये मेक्सिकोत तिहुआना इथे पेरो अग्वायो ज्युनियर हा पैलवान रिंगच्या दोरावर निपचित पडला, आणि तो अभिनय करतोय असे समजून लढत थोडा वेळ चालूच राहिली. त्याचाही मृत्यू झाला.

थांबायचे की नाही

दवाखान्याची गाडी गेली. पंधराएक मिनिटांनी पुढची लढत सुरू झाली.

ती कोणाची होती हे पाहा. जेफ जॅरेट आणि त्याची व्यवस्थापक डेब्रा एका बाजूला, वॅल व्हेनिस आणि निकोल बास दुसऱ्या बाजूला. जॅरेट हा ओवेनचा जोडीदार. त्याच वर्षाच्या सुरुवातीला दोघे मिळून जोडीचे विजेतेपद सांभाळत होते. त्याला आणि डेब्राला कॅमेऱ्यासमोर उभे राहून ठरलेली वाक्ये म्हणावी लागली. डेब्राचा आवाज कापत होता. मग ते दोघे त्याच रिंगमध्ये गेले.

तासाभराने रॉसला कानातल्या यंत्रावरून कळवले गेले की ओवेन गेला, आणि काही क्षणांत त्याला ते देशभरच्या प्रेक्षकांना सांगावे लागले. सभागृहातल्या सोळा हजारांवर लोकांना मात्र सांगितले नाही. ते टाळ्या वाजवत राहिले. रॉक आणि ट्रिपल एच लढले. शेवटी अंडरटेकरने ऑस्टिनला हरवून किताब जिंकला. तोच ऑस्टिन, ज्याची मान ओवेनच्या हातून दुखावली होती.

खेळ चालू ठेवण्याच्या बाजूने जे बोलले जाते ते मी हलके लेखत नाही. इतका मोठा जमाव अंधारात, धक्क्यात. अचानक 'घरी जा' म्हटले तर चेंगराचेंगरी होऊ शकते. पहिल्या पंधरा मिनिटांत मृत्यूची खात्री झालेली नव्हती. पडद्यामागच्या लोकांचे भान हरपले होते, आणि भान हरपलेला माणूस हाताला सवय असलेले काम करतो. हे सगळे मला पटते. पण हा युक्तिवाद बातमी येईपर्यंतच टिकतो. मृत्यू कळल्यावरही कार्यक्रम उरलेला होता. तेव्हा दिवे लावून, शांतपणे सांगून, दारे एकेक करून उघडून लोकांना घरी पाठवता आले असते. ते केले नाही, आणि ते चुकले. माझ्या मनात याविषयी शंका नाही.

का केले नाही, याचे उत्तर मला पे-पर-व्ह्यूच्या रचनेत दिसते. हा साधा टीव्ही कार्यक्रम नसतो. घरोघरच्या लोकांनी त्या एका रात्रीचे वेगळे पैसे भरलेले असतात, केबल कंपन्यांशी तीन तासांची वेळ बांधलेली असते, आणि आठवडेच्या आठवडे रचलेल्या भांडणांचा निकाल त्या रात्री लागायचा असतो. दुसऱ्या दिवशीचा सोमवारचा कार्यक्रम त्या निकालावर उभा. अशा यंत्राला वेग वाढवण्याचे शंभर खटके असतात. ते थांबवण्याचा खटका कोणाच्या हातात आहे, हे कोणी आधी ठरवलेले नव्हते, आणि त्या रात्री तो मालकाशिवाय कोणाच्याच हातात नव्हता.

उंचीवरच्या कामात आम्ही लेखी परवाना घेतो. त्या कागदावर एक ओळ असते, काम कोण थांबवू शकतो याची. चांगल्या ठिकाणी तिथे लिहिलेले असते, 'कोणीही'. डब्ल्यूडब्ल्यूएफचे पैलवान कागदोपत्री कंपनीचे नोकरच नव्हते. ते स्वतंत्र कंत्राटदार होते, आणि त्यांची संघटना नव्हती. १९८६च्या सुमारास जेसी व्हेंचुरा या पैलवानाने संघटना करण्याचा प्रयत्न केला होता, तो फसला. ओवेनला ही उडी मनापासून नको होती, असे मार्था सांगते. समजा, मचाणावर चढण्याआधी त्याने म्हटले असते की दुसरा दोर लावल्याशिवाय मी उतरणार नाही. हे म्हणण्याची जागा त्याच्यासाठी कुठे होती? ज्याला करारात राहायचे आहे, मुलांसाठी पैसे साठवायचे आहेत, ज्याचा भाऊ मालकाशी भांडून गेला आहे, तो माणूस किती वेळा 'नाही' म्हणू शकतो?

त्यानंतर

दुसऱ्या दिवशी, २४ मे रोजी, सेंट लुईसमध्ये सोमवारचा कार्यक्रम ओवेनच्या स्मरणार्थ झाला. सगळे पैलवान एकत्र उभे राहिले, दहा वेळा घंटा वाजली, वैरे बाजूला ठेवली गेली आणि एकेकाने पात्राबाहेर येऊन ओवेनच्या आठवणी सांगितल्या. तो मनमिळाऊ होता, खोड्या काढायचा, गावोगाव फिरताना खर्च जपून करायचा, हे त्यांच्या बोलण्यातून पुन्हापुन्हा येत राहिले. त्या अश्रूंत खोटे काही नव्हते, असे मी मानतो. मार्थाला त्याच कार्यक्रमात धंदा दिसला, आणि तिलाही मी चूक म्हणू शकत नाही.

पोलिसांनी तपास केला. फौजदारी गुन्हा दाखल झाला नाही. जिथे माणूस मेला ती जागा जशीच्या तशी राखायला हवी होती, त्याऐवजी तिथे लढती झाल्या, हा मार्थाचा आक्षेप आहे आणि तो तांत्रिक नाही. आमच्या क्षेत्रात अपघातानंतर पहिली गोष्ट जागा बंद करणे ही असते. हुक कुठे पडला, दोर कोणत्या बाजूला वळला, यांतूनच पुढचा जीव वाचतो. रिंगवरून पुढचे दोन तास माणसे धावली.

तिने मिसुरीत दिवाणी दावा लावला. नोव्हेंबर २०००मध्ये तो १ कोटी ८० लाख डॉलरांच्या तडजोडीत मिटला. तडजोड झाल्यामुळे खुल्या न्यायालयात साक्षी-उलटतपासणी झाली नाही, आणि कोण काय म्हणाले, कडी कोणी मान्य केली, याचा सार्वजनिक निवाडा कधीच लागला नाही. मिळालेल्या पैशांतून तिने ओवेन हार्ट फाउंडेशन उभे केले, जे गरजू कुटुंबांना आणि विद्यार्थ्यांना मदत करते.

हार्ट घराण्यात यावरून फूट पडली. काही भावंडे कंपनीशी संबंध राखून होती, मार्था तिच्या भूमिकेवरून हलली नाही. ऑक्टोबर १९९९मध्ये ब्रेट हार्ट डब्ल्यूसीडब्ल्यूच्या कार्यक्रमासाठी त्याच केम्पर अरीनात आला आणि भावाच्या नावाने एक लढत लढला. विनोद नाही, छतावरून उतरणे नाही, नुसती कुस्ती. 'ओव्हर द एज'ची ती रात्र कंपनीने वर्षानुवर्षे व्हिडिओवर आणली नाही. २०१४मध्ये स्वतःच्या इंटरनेट वाहिनीवर आणली तेव्हा ओवेनचा भाग कापून, सुरुवातीला श्रद्धांजली जोडून.

लॉलरचे पुढे काय झाले, तेही या प्रकरणात नोंदवतो. १० सप्टेंबर २०१२ रोजी मॉन्ट्रियलमध्ये थेट प्रक्षेपण चालू असताना समालोचनाच्या टेबलावर त्यालाच हृदयविकाराचा झटका आला. वैद्यकीय पथक जवळच होते, मिनिटांत उपचार सुरू झाले आणि तो वाचला. त्या रात्री लढती चालू राहिल्या, पण समालोचन बंद केले गेले आणि जोडीचा समालोचक मायकल कोलने अधूनमधून फक्त त्याच्या प्रकृतीची खबर दिली. पूर्ण थांबणे नव्हे. तरी तेरा वर्षांपूर्वीपेक्षा एक पाऊल पुढे.

डब्ल्यूडब्ल्यूईच्या (डब्ल्यूडब्ल्यूएफचे आताचे नाव) मानाच्या यादीत ओवेनचे नाव घालायला मार्थाने आजवर संमती दिलेली नाही. २०२१मध्ये तिने नव्या एईडब्ल्यू कंपनीशी करार केला आणि ओवेनच्या नावाची स्पर्धा सुरू झाली. मे २०२२मध्ये लास व्हेगासच्या 'डबल ऑर नथिंग'मध्ये, पुन्हा एका पे-पर-व्ह्यूत, ती स्वतः विजेत्यांना सन्मानित करायला प्रेक्षकांसमोर आली. लोक उभे राहून ओवेनचे नाव घेत होते.

केम्पर अरीनाचे नाव पुढे हाय-व्ही अरीना झाले. मोठ्या कार्यक्रमांसाठी ते ओस पडले होते, पाडायचीही चर्चा झाली. शेवटी एका विकासकाने ते घेतले आणि २०१८मध्ये नव्या रूपात उघडले. मुले तिथे बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल खेळतात. जास्त कोर्ट बसावीत म्हणून आतल्या प्रचंड पोकळीत मधोमध एक नवा मजला घातला आहे. छतापासून खालच्या जमिनीपर्यंत जी मोकळी उंची होती, ती आता तिथे नाही.